काठीचे अकरा ठोके

त्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला ‘बसा’ म्हटलं ते समोरच्या कागदाकडे बघून. कागद आधीच बसलेला होता. आम्ही मायलेक दारात उभे, माझा डावा गुडघा कुरकुरतोय, सव्वा महिना थांबून ही वेळ मिळालेली, आणि बाईंची मान काही वर होईना. नाव, वय, काम, तिन्ही त्यांनी कागदालाच विचारलं. मी जरा थांबले. म्हटलं, बघू कागद उत्तर देतो का. नाही दिलं, मग मी दिलं.

“मुलाला बोलू द्या, आजी,” कागदाकडे बघतच त्या म्हणाल्या.

आजी! माझ्या नातवंडांनी मला आजी म्हणायचं. ह्यांनी नाही.

कोणी म्हणेल, म्हातारी भांडकुदळ आहे. आहेच. शाळा चौथीत सुटली, तोंड काही सुटलं नाही. इस्पितळांचे कपडे धुणाऱ्या लाँड्रीत मी एकतीस वर्षं रफूच्या टेबलावर काढली. चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे डगले. रफू अशी करायची की कुठे फाटलं होतं ते करणारीलासुद्धा पुन्हा सापडू नये. माझं काम परत आलेलं कोणी पाहिलेलं नाही. त्याच लाँड्रीत, घडीच्या टेबलावर, माझा धाकटा बावीस वर्षं आहे. आता बेचाळिसाचा आहे. सगळे त्याला मास्तर म्हणतात, कारण कोणीही वाकडी घडी घातली की तो ती उलगडतो, सरळ घालतो आणि त्या माणसाला तसं तोंडावर सांगतो. मॅनेजरलाही एकदा सांगितलं होतं. चादरीवरून बोटं फिरवून तो म्हणतो, “ही अजून चार धुण्यांची आहे.” चौथ्या धुण्याला ती फाटते. शस्त्रक्रियेच्या खोलीत जाणाऱ्या कपड्यांच्या घड्या दुसऱ्या कोणी घातल्या तर तिथल्या नर्स फोन करून विचारतात, मास्तर आज आला नाही का?

मग नवा सुपरवायझर आला. दाढी कोरलेली, बोलणं कोरलेलं, डोक्यात मात्र नुसता भुसा. पहिल्या आठवड्यात त्याने घडीच्या टेबलांवर, छताला, गाण्यांचा भोंगा लावला. माणसं खूश राहतात म्हणे. दुसऱ्या आठवड्यात हुकूम काढला की दर सोमवारी टेबलं बदलायची, म्हणजे सगळ्यांना सगळं येईल. तिसऱ्या आठवड्यात मास्तर टेबलाखाली जाऊन बसला. दोन्ही हात कानांवर, कपाळ गुडघ्यांवर. दोन तास. माणसं वाकून वाकून बघून जात होती. सुपरवायझरने पाय धरून ओढून पाहिलं. मला घरून बोलावलं तेव्हा मी आधी त्याचा हात बाजूला केला, मग भोंग्याची वायर उपटली, आणि फरशीवर लेकाशेजारी जाऊन बसले. गुडघ्याचं पुढे काय झालं ते गुडघ्यालाच ठाऊक.

“मावशी,” सुपरवायझर दुसऱ्या दिवशी म्हणाला, “ह्यांना काही असेल तर डॉक्टरचा तसा कागद आणा, मी टेबल कायमचं देतो, भोंगाही काढतो. नियमच आहे तसा. आणि काही नसेल तर हा आळशीपणा आहे. मग काउंटर. दोन महिने देतो.”

काउंटर म्हणजे सगळ्या वॉर्डांची माणसं कपडे न्यायला येतात ती खिडकी. एका वेळी वीस जण ओरडत असतात आणि प्रत्येकाला आपलंच आधी हवं असतं. मास्तर तिथे अर्धा दिवसही टिकला नसता, आणि टेबलाखाली पुन्हा बसला की त्याला घरी पाठवायला सुपरवायझर मोकळा. हे त्यालाही ठाऊक होतं नि मलाही.

लाँड्रीच्या दवाखान्यातली नर्स मला बाजूला घेऊन म्हणाली, “हा ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, असू शकतो. मोठ्या माणसांचीही तपासणी होते. तुम्ही जा.” तिने पत्ता दिला. म्हणून आम्ही त्या दारात उभे होतो.

आता माझी चूक सांगते. मी मेल्यावर दुसऱ्या कोणी सांगण्यापेक्षा मी सांगितलेली बरी.

साहेबाकडे कागद मागायला जायचं तर माणूस नीटनेटका जातो, एवढंच मला माहीत. मी मास्तरचा शर्ट कडक इस्त्री केला, नखं काढली, आणि दोन संध्याकाळी त्याची तयारी करून घेतली.

“कसे आहात विचारलं तर?”

“बरा आहे. तुम्ही कशा आहात?”

“आणि?”

“हसायचं.”

“किती?”

“दोन सेकंद. मागच्या वेळी तू तीन सांगितले होतेस.”

“तीन मावशीकडे. डॉक्टरकडे दोन पुरे.”

माझा हिशेब सोपा होता. पोरगा शहाणा दिसला की बाईंना तो आवडेल, आवडला की त्या कागद देतील. ज्या बाईला माझा मुलगा कुठे उसवलाय ते बघायचं होतं, तिच्यासमोर मी त्याला रफू करून नेला.

तिथे सगळं झकास झालं. बाई प्रश्न विचारायच्या, लिहायच्या. मास्तर वर बघायचा, बोलायचा, उलट विचारपूस करायचा, दोन सेकंद हसायचा. मी शेजारच्या खुर्चीत काठी धरून बसलेली. डोक्यावरची ट्यूब गुणगुणत होती. मधेच बाईंनी मलाही विचारलं, हा बोलायला कधी लागला?

“दीड वर्षाचा असताना. घडाघडा.”

“लहानपणी मित्र?”

“मित्र? दाराबाहेर रांग असायची.”

रांग कसली, पाहुणे यायचे तेव्हा हा कपाटात बसायचा. पण परक्या बाईपुढे पोटच्या पोराची ठिगळं कोण पसरून दाखवतं? बाईंनी पाऊण तासात पेनाला टोपण लावलं.

“ह्यांना स्वमग्नता नाही. डोळ्याला डोळा देतात, समोरच्याची चौकशी करतात. थोडे बुजरे आहेत, इतकंच. आईने जरा मोकळं सोडावं. एक प्रत तुम्हाला, एक कामाच्या ठिकाणी जाईल.”

खोटं कशाला सांगू, माझी छाती फुगली. माझा मुलगा पास झाला होता! जिन्याच्या चौथ्या पायरीवर ध्यानात आलं की आपण नापास व्हायला आलो होतो.

बसथांब्यावर मास्तर नेहमीसारखा खांबाला पाठ लावून उभा राहिला.

“आई, बाईंनी चौदा प्रश्न विचारले.”

“असतील.”

“असतील नाही, चौदाच. अकरा वेळा तू काठी ठोकलीस.”

“मी?”

“एक ठोका म्हणजे वर बघ. दोन म्हणजे उलट विचार. तीन म्हणजे पुरे, आता थांब.”

मी हातातल्या काठीकडे बघितलं. मला खरंच कळलं नव्हतं. पापणी लवते ते कोणाला कळतं?

त्याचं असं झालं होतं. हा सहा वर्षांचा असताना घरी ह्यांच्या ऑफिसातले कोणी आले होते. हा भिंतीकडे तोंड करून बसलेला. मी कापड बेतत होते, चिडून कात्री टेबलावर आपटली. ठक झालं आणि ह्याने मान वर करून पाहुण्यांकडे बघितलं. पाहुणे म्हणाले, किती गोड आहे! तिथून सुरुवात. आधी कात्री, मग किल्ल्या, गुडघा गेल्यावर काठी. लग्नकार्यं, शाळा, लाँड्रीतली मुलाखत, सगळं त्या ठोक्यांवर पार पडलं. शेजारणींना वाटायचं म्हातारीचा हात थरथरतो.

“आणि काठी वाजली की बाई पण वर बघायच्या,” मास्तर म्हणाला. “मी पण बघायचो. म्हणून त्यांना मी दिसायचो. बाकीच्या तीन प्रश्नांना तू ठोकलं नाहीस. तेव्हा मी ट्यूबकडे बघत होतो. तेव्हा त्या लिहीत होत्या.”

“अरे, मग तिथेच सांगायचं नाहीस का?”

“तू सांगितलं होतंस, विचारल्याशिवाय बोलायचं नाही.” मग म्हणाला, “म्हणजे परीक्षा तुझी झाली. पास तू झालीस.”

टोमणा मारणं त्याला येत नाही. म्हणून जास्त लागलं.

गुरुवारी कागद लाँड्रीत पोचला. सुपरवायझरने फोन केला, तोंडात साखर घोळवत.

“अभिनंदन, मावशी! मास्तर ठणठणीत आहेत. सोमवारपासून काउंटर.”

“तुमच्या तोंडाला कोणी टोपण लावेल तर बरं होईल,” मी म्हटलं आणि फोन ठेवला.

शुक्रवारी सकाळी आम्ही पुन्हा त्या दवाखान्यात. खिडकीवरच्या मुलीने चोपडं चाळलं.

“पुढची वेळ चार महिन्यांनी आहे, आजी.”

“माझ्याकडे सोमवार आहे.”

“सगळ्यांकडेच काही ना काही असतं.”

“खरं आहे. तुझ्याकडे खुर्ची आहे, माझ्याकडे तोंड आहे. कोण आधी थकतं बघू.”

मी बाईंच्या दारासमोर जाऊन उभी राहिले. आतला माणूस बाहेर पडायला लागला की मी दारात, मग तो आडवा होऊन सरकायचा. दोन माणसं अशी सरकल्यावर बाई बाहेर आल्या.

“काय गोंधळ आहे?”

“मंगळवारी तुमची तपासणी चुकली.”

“निकाल आवडला नाही की सगळ्यांना तपासणी चुकलेली वाटते. हवा तो कागद द्यायला हे दुकान नाही, आजी.”

“आजी तुमच्या घरी. चुकली ती माझ्यामुळे. मी काठी ठोकत होते.”

“काय ठोकत होतात?”

मी सांगितलं. बाकावर सात-आठ माणसं बसलेली, सगळी कान देऊन. बाईंनी हाताची घडी घातली. त्यांच्या चेहऱ्यावर मला सुपरवायझरच दिसला.

“कागद मिळावा म्हणून आया काय काय सांगतात, मी रोज ऐकते.”

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आणि मग मी जे केलं ते मला आजही आठवलं की घास उतरत नाही. मास्तर बाकाच्या टोकाला, भिंतीकडे बघत, शर्टाच्या बाहीची शिवण बोटाने मोजत बसला होता. मी काठी एकदा ठोकली.

त्याने मान वर करून बाईंच्या दोन भुवयांच्या मधे बघितलं.

दोनदा ठोकली.

“तुम्ही कशा आहात?” तो म्हणाला आणि हसला. एक, दोन. हसू बंद.

तीनदा ठोकली. मान खाली, बोट पुन्हा शिवणीवर.

बाकावर एक बाई फिसकन हसली. मदाऱ्याने माकड दाखवावं तसा मी माझा लेक आठ माणसांना दाखवला होता. आणि ठोके ऐकून डॉक्टरीणबाईंची मानही तीन वेळा हलली होती. ती कोणी पाहिली नाही. मी पाहिली.

बाईंनी हाताची घडी सोडली. पहिल्यांदाच मास्तरकडे नीट बघितलं. मग माझ्यापुढे हात केला.

“काठी द्या.”

“मला चालायला लागते.”

“आज चालू नका. चार वाजता शेवटचा माणूस गेला की ह्यांना एकट्याला बघते. काठी खिडकीवर राहील आणि तुम्ही बाहेर.”

माझ्या हातून काठी काढून घेणारं माणूस अजून जन्मायचं आहे, असं मी आजवर म्हणत आले. मी काठी दिली.

चारला दार बंद झालं. मी बाकावर. खिडकीवरच्या मुलीने काठी आपल्या खुर्चीमागे उभी करून ठेवली आणि माझ्यावर लक्ष ठेवलं, मी जणू चोर.

“पाणी हवं का?”

“काठी हवी.”

“ती नाही.”

“मग विचारतेस कशाला?”

माझा उजवा हात मांडीवर आपोआप हलत होता. एक. एक. दोन. मी तो डाव्या हाताखाली दाबून धरला. आतून काही ऐकू येत नव्हतं. बेचाळीस वर्षांत हा परक्या माणसाच्या प्रश्नांपुढे माझ्याशिवाय पहिल्यांदा बसला होता. सव्वा तासाने दार उघडलं.

आत ट्यूब बंद होती. खिडकीतून येईल तेवढा उजेड. मास्तर खुर्ची भिंतीकडे वळवून बसला होता, इस्त्रीचा शर्ट पाठीवर घामाने चिकटलेला, कानांवर हात नव्हते. तो भिंतीशी बोलत होता, म्हणजे बाईंशीच, पण भिंतीकडे बघून. चादरीच्या चौदा घड्यांपैकी नवव्या घडीत लोक कुठे चुकतात ते चाललं होतं. एवढं सलग तो माझ्याशीही कधी बोलला नव्हता.

“ते म्हणाले ट्यूब दोन सुरांत वाजते,” बाई म्हणाल्या. “मी अकरा वर्षं ह्या खोलीत बसते, मला कधी ऐकू आली नाही. बसा. आणि आता खरं सांगा. बोलायला कधी लागले?”

“साडेचार वर्षांचा होता तेव्हा.”

“पहिला शब्द?”

“‘उलटं.’ ह्यांनी सदरा उलटा घातला होता.”

“मित्र?”

“एकही नाही.”

“डोळ्यांत बघायला कसं शिकवलंत? खुणेच्या आधी?”

मी खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या गच्चीवर कोणी तरी टॉवेल वाळत घातले होते, चिमट्याशिवाय. घालणारीला अक्कल नव्हती.

“हनुवटी धरून. नाही बघितलं तर मारायचे.”

बाईंचं पेन थांबलं. “किती वेळा?”

“ते कोण मोजतं?”

“सोळा,” मास्तर भिंतीकडे बघत म्हणाला. “मला आठवतात त्या सोळा. एकदा पट्टीने.”

हे जिवंत असताना म्हणायचे, राहू दे गं, आहे तसा राहू दे. आणि मी म्हणायचे, तुमच्यामागे ह्याला जगाने पायदळी तुडवलं तर? मला अजूनही वाटतं माझा प्रश्न खरा होता. सोळा मात्र माझ्याजवळ राहिले.

बाईंनी लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिता मला झोडायला घेतलं.

“स्वमग्नता आहे, स्पष्ट आहे, जन्मापासून आहे. कायमचं एकच टेबल, भोंगा बंद, काही बदलायचं तर आठवडाभर आधी लिहून द्यायचं, कानांवर आवाज अडवणारं साधन. हे सगळं त्यांच्या हक्काचं आहे, मेहेरबानी नाही. आणि तुम्ही ऐका. छत्तीस वर्षं तुम्ही ह्यांच्याकडून नाटक करवून घेतलंत. दिवसभर नाटक करणारा माणूस दमतो. टेबलाखाली बसले ते नुसत्या भोंग्याने नाही, त्या दमण्याने. तुमच्यानंतर कोण ठोकणार होतं?”

“त्या नाटकावर त्याला नोकरी लागली,” मी म्हटलं. “तेव्हा तुम्ही कुठे होतात? तेव्हा कुठल्या डॉक्टरने मला ऑटिझम हा शब्द सांगितला? शाळेच्या बाई म्हणाल्या मंद आहे, शाळेच्या डॉक्टरांनी मला टॉनिक दिलं.”

“म्हणून मारायचं?”

“ते मी माझ्या लेकाला देणं लागते. तुम्हाला नाही.”

“दोन कागद झाले,” मास्तर म्हणाला.

आम्ही दोघी भांडता भांडता थांबलो. तो खुर्ची वळवून टेबलाकडे बघत होता.

“मंगळवारचा म्हणतो नाही. आजचा म्हणतो आहे. सुपरवायझरकडे मंगळवारचा आधीच आहे. तो म्हणेल, दुसरा आईने ओरडून आणला.”

“नवा आला की जुना आपोआप बाद होतो,” बाई म्हणाल्या.

“आपोआप काही बाद होत नाही. फाटकी चादरसुद्धा नाही. तिच्यावर ‘बाद’ शिक्का मारेपर्यंत ती धुऊन, घडी होऊन पुन्हा वॉर्डात जाते. पेशंटच्या अंगाखाली जाते. मग फाटते. मंगळवारच्या कागदावर शिक्का मारा, आणि का मारला ते लिहा.”

बाईंचा चेहरा असा झाला की तिथेही दाढी असती तर सुपरवायझरसारखी कोरलेली दिसली असती.

“मी माझा कागद असा रद्द करत नाही. फार तर लिहीन, आईने दिलेल्या माहितीमुळे दिशाभूल झाली.”

मी पेन मागितलं. मला लिहायला वेळ लागतो. एकेक अक्षर टाका घातल्यासारखं. कोऱ्या कागदावर लिहिलं की मी मुलाच्या तपासणीत काठीने खुणा केल्या, आणि त्याच्या लहानपणाबद्दल खोटं सांगितलं. खाली सही केली. एकतीस वर्षांत माझं काम परत आलं नव्हतं, ते त्या दिवशी मी स्वतः परत घेतलं. कागद बाईंपुढे सरकवला.

“हे अर्धं झालं,” मास्तर म्हणाला. “तीन प्रश्नांना आईने ठोकलं नव्हतं. चौथ्या, नवव्या आणि तेराव्या. तेव्हा मी ट्यूबकडे बघत होतो. तुम्ही वर बघितलं असतं तर दिसलं असतं. ते राहिलं.”

तो तक्रार करत नव्हता. घडीत राहिलेली चुणी दाखवावी तसं दाखवत होता. मला वाटलं आता बाई हाकलून देतात. त्यांचे कान लाल झाले होते. मी गप्प राहिले, आणि माझ्यासारखीला गप्प राहायला किती बळ लागतं ते माझ्या घरच्यांना विचारा.

शेवटी त्यांनी मंगळवारचा कागद काढला, आडवा शिक्का मारला आणि खाली लिहून मोठ्याने वाचलं: “पहिल्या तपासणीत आईच्या खुणा माझ्या लक्षात आल्या नाहीत. माझं निरीक्षण अपुरं होतं. तो निष्कर्ष चुकीचा आहे.”

“‘तीन प्रश्नांना’ लिहिलं नाहीत.”

“मास्तर,” मी म्हटलं, “पुरे.” तोंडाने म्हटलं.

“बरं,” तो म्हणाला.

बाईंनी घंटी वाजवून खिडकीवरच्या मुलीला बोलावलं, लाँड्रीला पाठवायच्या प्रती दिल्या. मुलीने माझी काठी आणली, पण ती माझ्या हातात यायच्या आधी मास्तरने घेतली. खिशातून एक काळी रबरी टोपी काढली, कपड्यांच्या ढकलगाडीच्या पायाला असते तशी, आणि काठीच्या टोकाला दाबून बसवली. अगदी मापाची.

“ही कुठून आणलीस?”

“चार वर्षं माझ्या कपाटात होती. आज आणली.”

“चार वर्षं! मग लावली का नाहीस?”

“तू विचारलं नाहीस, आवाज लागतो का म्हणून. लागतो. दातांत लागतो.”

मी काठी घेऊन उठले. जाताना दोन शब्द ऐकवल्याशिवाय कुठल्या खोलीतून मी बाहेर पडलेली नाही. बाईंनी लक्ष द्यावं म्हणून सवयीने काठी ठोकली. आवाजच झाला नाही. बाईंची मान पुन्हा कागदात गेली होती, ती तशीच राहिली. मग म्हटलं, आता तोंडानेच बोलायला हवं.

“बाई, इकडे बघा. नाही, पेन खाली ठेवून बघा. तुम्ही शिकलेल्या आहात, शेवटी खरं लिहिलंत, आणि ते लिहिताना जीव किती वर आला ते मी पाहिलंय, कारण माझाही आला होता. पण माणूस मान वर करतो का नाही ह्यावर तुम्ही त्याचं ठरवता, आणि मंगळवारी पाऊण तासात तुमची मान वर झाली ती माझ्या काठीला घाबरून, अकरा वेळा. आता ह्या काठीत आवाज राहिला नाही. उद्या ह्या खुर्चीत माझ्यासारखीच कोणी तरी कडक इस्त्रीतला पोरगा घेऊन येईल, तेव्हा ‘बसा’ म्हणाल ते त्या पोराला म्हणा, कागदाला नको. आणि ती वरची ट्यूब नुसती बंद करून ठेवू नका, काढून टाका.”